नॅशव्हिलमध्ये अमॉन अमार्थ: बसून वल्हवायचंय, तर उभ्याचं तिकीट घ्या

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये अमॉन अमार्थ या वायकिंग कथांवर गाणाऱ्या स्वीडिश मेटल बँडचा शो बघायचा असेल, तर तिकिटाच्या दराआधी हॉलची फरशी बघा. शहर कंट्री संगीताचं. तिथली सगळ्यात मानाची जागा म्हणजे राइमन ऑडिटोरियम: १८९२ साली प्रार्थनेसाठी बांधलेलं, १९४३ ते १९७४ ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचं घर, आणि आजही ओकच्या लांबलचक बाकांनी भरलेलं. आवाज अप्रतिम, पण बाक जागचे हलत नाहीत. तिथे मान झटकता येते, पण स्टेजसमोर धक्काबुक्कीचा नाच, म्हणजे मॉश पिट, होत नाही. या बँडसाठी मॅरेथॉन म्युझिक वर्क्ससारखा उभ्याचा हॉल बरा. मोटारींचा जुना कारखाना, विटांच्या भिंती, सपाट फरशी, साधारण दीड हजार माणसं.

विटांच्या भिंती आवाज परत फेकतात. म्हणून हॉल अर्धा रिकामा असताना पहिल्या बँडचा आवाज गढूळ वाटतो. गर्दी झाली की तो आपोआप निवळतो. साउंड इंजिनिअरला लगेच शिव्या घालू नका. खरी अडचण खर्जाची आहे. अमॉन अमार्थच्या गिटार नेहमीपेक्षा खाली, बी सुरावर लावलेल्या असतात (बी ट्यूनिंग), म्हणजे सगळ्यात जाड तार साधारण ६२ हर्ट्झवर. बास त्याच्याही एक सप्तक खाली, आणि किक ड्रमची धडधड याच पट्ट्यात. स्टेजसमोरच्या सबवूफरपाशी (खर्जाच्या मोठ्या स्पीकरपाशी) उभं राहिलात तर छाती हादरेल, पण बँडचे गिटारवादक ओलावी मिक्कोनेन आणि योहान सोडरबर्ग यांच्या दोन गिटारींची जोड-धून, म्हणजे या बँडचा खरा जीव, बुडून जाईल. धून हवी तर साउंड डेस्कच्या (जिथे बसून इंजिनिअर आवाज जुळवतो, त्याच्या) दोन-तीन पावलं पुढे, मधोमध उभे राहा.

इअरप्लग हवेतच. अमेरिकन कामगार-आरोग्याच्या हिशेबाने १०० डेसिबल आवाज कानाला १५ मिनिटंच परवडतो, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. फोमचे प्लग असतील तर आधी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसते कानाच्या तोंडाशी खोचले तर फारसा उपयोग नाही. फोम वरचे सूर जास्त खातो. फिल्टरचे प्लग धून शाबूत ठेवतात.

आता वल्ही. २०२२ च्या ‘पुट युअर बॅक इंटू दि ओअर’ (जोर लावून वल्हवा) या गाण्याला पिटमधले लोक फरशीवर रांगेने बसतात. पाय फाकवायचे, पुढचा माणूस त्यात बसतो, आणि ड्रमच्या ठोक्यावर सगळ्यांनी मिळून पुढे वाकायचं, मागे रेलायचं. रांग बिघडते ती बहुधा कडेला: तिथे कोणी अजून धक्काबुक्कीत असतं आणि बसलेल्यांच्या बोटांवर बूट पडतो. म्हणून आजूबाजूचे बसल्याशिवाय बसू नका. फोन मागच्या खिशात ठेवू नका. फरशीवर बिअर सांडलेली असणारच, पँट तशीच घालून या. बहुतेक जण स्टेजकडे तोंड करून बसतात. वल्हेकरी मात्र जहाजाच्या दिशेला पाठ करून बसतो, म्हणजे हिशेबाने हे जहाज दाराकडे निघालेलं असतं! गायक योहान हेग स्टेजवरून ताल देतो, तेव्हा कोणी ते मनावर घेत नाही.

प्लास्टिकची शिंगं असलेली शिरस्त्राणं घरीच ठेवा. वायकिंग लोक ती घालत नव्हते हा मुद्दा वेगळा. पिटमध्ये ती शेजाऱ्याच्या डोळ्यात जातात. अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे आणि स्वतःचं पिण्याचं शिंगही बहुतेक हॉलच्या दारात अडवतात. ‘रेझ युअर हॉर्न्स’ (शिंगं उंचवा) या गाण्याला प्लास्टिकचा पेला उंचावला तरी भागतं.

आधीचा वेळ ब्रॉडवे या संगीताच्या बारसाठी प्रसिद्ध रस्त्यावर काढणार असाल तर ध्यानात असू द्या: तिथल्या हाँकी-टाँकमध्ये, म्हणजे कंट्री संगीत वाजणाऱ्या बारमध्ये, दिवसा सहसा प्रवेश फुकट असतो, पण वादक टिपवर जगतात, बादलीत काहीतरी टाका. मॅरेथॉन तिथून पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटर. दार उघडणं आणि मुख्य बँड यांच्यात तीन सपोर्ट बँड (आधी वाजवणारे) असतील तर सुमारे तीन तास जातात. पहिल्या रांगेचा हट्ट नसेल तर उशिरा जेवून निघालात तरी चालतं.

नॉक्सव्हिल किंवा चॅटनूगाहून गाडीने येणाऱ्यांनी तिकिटावरची वेळ नीट वाचावी. नॅशव्हिल सेंट्रल वेळेवर चालतं, ती दोन्ही शहरं ईस्टर्नवर. जाताना एक तास हाती लागतो, परतीच्या रात्री तोच जातो.