कोरसवालीचं पूर्ण नाव

पीपीएल या ब्रिटनमधल्या संस्थेचं जूनचं रॉयल्टी स्टेटमेंट आलंय. रक्कम सांगत नाही. सांगितली तर ठाण्यातला अख्खा नौपाडा विचारेल, ‘एवढ्यासाठी लंडनला गेलीस?’ पण त्यात एका गाण्यापुढे माझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, आणि ते मी आल्यागेल्याला दाखवत सुटलेय. गाणं दुसऱ्याचं, मुख्य आवाज तिसऱ्याचा. मी मागे पाच-सहा जणींच्या घोळक्यात ‘ऊऽऽ’ करत उभी. इथल्या रेडिओने त्या ‘ऊऽऽ’चे पैसे मोजलेत.

दादाला हे फोनवर समजावून माझी जीभ झिजली, म्हणून इथे एकदाच लिहिते. ब्रिटनमध्ये एखादं रेकॉर्डिंग रेडिओवर, टीव्हीवर, दुकानात किंवा सलूनमध्ये वाजलं की पीपीएल ही संस्था त्याचे पैसे गोळा करते. निम्मे रेकॉर्डिंगच्या मालकाला, निम्मे त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. मुख्य कलाकाराचा हिस्सा अर्थातच मोठा. पण मागे उभं राहणाऱ्यांसाठीही हिस्सा काढलेला असतो, आणि हा हक्क कंपनीला आपल्याकडून लिहून घेता येत नाही. कायद्यानेच तशी सोय ठेवलेली नाही. मुख्य अट एकच. त्या रेकॉर्डिंगच्या यादीत तुमचं नाव हवं.

म्हणून इथे रेकॉर्डिंगचं सेशन संपलं की एक कागद फिरतो. माझ्या पहिल्या सेशनला तो कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा मला वाटलं हजेरी असेल. मी आपलं अंधेरीच्या स्टुडिओंतल्या सवयीने नुसतं पहिलं नाव टाकलं आणि पर्स उचलली. फिक्सरबाई, म्हणजे गायकांना बोलावून गोळा करणारी, मागून आली. ‘पूर्ण नाव. पासपोर्टवर आहे तसं. आणि तू कोणता आवाज गायलीस ते.’ मी लिहिलं. तिने स्पेलिंग मोठ्याने वाचून दाखवलं, एकेक अक्षर, आणि ‘बरोबर ना?’ म्हणून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात एक सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारी, कोट चढवून दारापर्यंत पोचली होती. तिला हाक मारून परत बोलावलं, कारण तिने आवाजाचा रकाना रिकामा सोडला होता. ती वैतागली, पण मुकाट भरून गेली. मी तिथे उभी राहून तो कागद बघत होते. इतक्या वर्षांत माझ्या आडनावाचं स्पेलिंग स्टुडिओत कुणी विचारलं नव्हतं.

आता आपल्याकडचं सांगते. ठाण्याहून घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षा. आदल्या रात्री कोऑर्डिनेटरचा फोन: ‘चार मुली हव्यात, साडेनवाला, वर ताणता आलं पाहिजे.’ गाणं कुठल्या सिनेमाचं ते विचारायचं नाही. विचारलंच तर ‘हिरोच्या एंट्रीचं आहे’ एवढं कळायचं. डायरीत सरगम उतरवायची, दोनदा ऐकायचं, तिसऱ्यांदा टेक. पाकीट हातात. त्या पाकिटावर तरी नाव? छे. ‘लेडीज कोरस ४’.

त्याहून जिव्हारी लागायचं ते डमीचं काम. संगीतकाराला चाल निर्मात्यापुढे ठेवायची असते, म्हणून कुणीतरी ती आधी गाऊन द्यायची. मी पुष्कळ डमी गायल्या. गाणं पास झालं की मोठी गायिका येणार, माझा ट्रॅक कानात घेऊन गाणार, माझा पुसला जाणार. धंदाच तसा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा तीन हात नाक्याला सिग्नलवर अडकलेल्या रिक्षात रेडिओवर गाणं लागलं आणि अंतऱ्यात माझी हरकत, म्हणजे मी घेतलेली सुरांची नक्षी, जशीच्या तशी, श्वास घेण्याच्या जागेसकट. रिक्षावाल्याला मी म्हटलं, ‘काका, आवाज वाढवा जरा.’ त्याने बंदच केला. म्हणाला, डोकं दुखतंय.

आता लगेच कमेंटा येतील की बाई तिकडे गेली आणि तिकडचं कौतुक सुरू. म्हणून आधीच सांगते, इथलेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. १९७३ साली पिंक फ्लॉइड या इथल्या बँडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’साठी क्लेअर टॉरी ही सेशन गायिका ॲबी रोड स्टुडिओत आली. शब्द नाहीत, फक्त आवाज, आणि त्या सुरावटी तिने तिथल्या तिथे उभ्या केल्या. रविवार म्हणून दुप्पट दराने मिळाले ३० पौंड. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनाकारांत तिचंही नाव लागतं. तीस वर्षं लागली. आणि हो, माझं ‘ऊऽऽ’ रेडिओवर वाजलं तर पैसे, पण तेच गाणं लोकांनी मोबाइलवर स्ट्रीमिंगने लाखो वेळा ऐकलं तर मला शून्य. ती वाट पीपीएलमधून जातच नाही. इथली युनियन त्यावरून भांडतेय.

आपल्याकडे तर खुद्द लतादीदींचं उदाहरण आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. पुढे गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्याच भांडल्या, आणि त्यापायी रफीसाहेबांशी झालेला अबोला तर सगळ्यांना पाठ आहे. त्या भांडल्या म्हणून आपल्या कायद्यात आज जे आहे त्याला काही अर्थ आला, असं मी मानते.

आणि कायदा आहे, हे दादाचं पालुपद. दादा ठाणे कोर्टात वकिली करतो. त्याच्या मते माझं सगळं रडगाणं तारखेतच चुकतं. ‘२०१२ ची दुरुस्ती आहे. गायकाला रॉयल्टीचा हक्क आहे. २०१३ पासून गायकांची संस्था आहे, इस्रा. आता वादकांनाही घेऊन तिची इसाम्रा झाली. तू गेलीस तेव्हा हे सगळं होतं.’ होतं, दादा. पण त्याच दुरुस्तीने कलाकाराच्या व्याख्येला जोडलेलं शेपूट तूच मला वाचून दाखवलंस. सिनेमात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतसुद्धा दिलं जात नाही, तो कलाकार धरला जाणार नाही. मग ‘लेडीज कोरस ४’ कोण? नाव देत नाहीत म्हणून कलाकार नाही, आणि कलाकार नाही म्हणून नाव देत नाहीत. मी फोनवर एवढं बोलले की तो म्हणाला, अपील लिहून काढ, मी दाखल करतो.

खरं सांगायचं तर मला राग कायद्याचा नाही. एक कागद, एक पेन आणि दोन मिनिटं, एवढीच गोष्ट आहे. फिक्सरबाईने ते केलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव नव्हता. तिच्या दृष्टीने ते केबल गुंडाळून ठेवण्यासारखं काम.

या कौतुकात एक गोष्ट राहूनच गेली. त्या पहिल्या सेशनला माझी पाचावर धारण बसली होती. स्टँडवर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी. बाकीच्या जणी लहानपणापासून चर्चच्या आणि कॉलेजच्या कॉयरमध्ये वाढलेल्या. कागद समोर आला की वर्तमानपत्र वाचावं तशा गातात. मी विशारद. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय वाशीला, तिथे कागदपत्रांच्या कामासाठी बाबांबरोबर ट्रान्स हार्बरने जाताना ऐरोलीपासून सानपाड्यापर्यंत उजळणी करणारी मी. आणि इथे ती काळी टिकली रेषेवर आहे की रेषांच्या मध्ये, यावरून घाम. मी पेन्सिल काढली आणि प्रत्येक टिकलीखाली बारीक अक्षरात ग, म, प लिहीत गेले. शेजारणीने वाकून बघितलं. ब्रेकमध्ये मात्र प्रोड्यूसरला एका जागी स्वर घसरत वर न्यायचा होता, पायऱ्या न दिसता. कॉयरच्या मुली सुंदर गायल्या, पण पायऱ्या दिसत होत्या. मी मींड घेऊन दाखवली. नौपाड्याच्या क्लासमध्ये बाईंनी पायपेटी बंद करून, नुसत्या तानपुऱ्यावर तासन् तास घोटून घेतलेली ती मींड. दुपारनंतर पेन्सिलीचं कुणी काही बोललं नाही. हे बढाई म्हणून वाचलंत तरी हरकत नाही. आहेच बढाई.

त्या कागदाने माझं काय बिघडवलं ते आता. पूर्ण नाव लिहायची चटक लागली. दिवसा दुसऱ्यांचं गायचं, रात्री खोलीत स्वतःचं लिहायचं असं सुरू झालं. मराठीत. इथले लोक त्याला ऑल्ट-पॉप म्हणतात. बाबांनी ऐकून विचारलं, ‘हे भावगीत आहे का?’ मी नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग ध्रुवपद कुठेय?’ एका गाण्यात खाली ठाणे स्टेशनची घोषणा आहे, ‘पुढील स्थानक’वाली नाही, फलाटावरची, आणि तिच्या सुरावर मी षड्ज धरलाय. एक गाणं घोडबंदर रोडवर अडकलेल्या बसमध्ये मोडणाऱ्या लग्नाचं आहे. मागचे सगळे आवाज माझेच. एकीवर एक रचलेल्या सहा मी. सेशनच्या कामात तेवढं तर शिकलेच, की आपला आवाज आपल्याच आवाजामागे कसा लपवायचा.

पूर्व लंडनमध्ये एका पबच्या वरच्या मजल्यावर ही गाणी गाते. ऐकणाऱ्यांना एक शब्द कळत नाही, बिअर घेऊन उभे असतात. पण पबकडे पीआरएसचं, म्हणजे गाणी लिहिणाऱ्या-रचणाऱ्यांसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स असतं. आपण कोणती गाणी गायली त्याची यादी भरून दिली की गाणं लिहिणाऱ्याला त्याचे थोडेसे का होईना पैसे येतात. घोडबंदरच्या ट्रॅफिकवर इंग्रजांकडून पौंड घेणारी मी पहिलीच नसेन, पण मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

‘हे ठाण्यात का नाही केलंस?’ आई विचारते. दिवाळी पहाटेला मी गायलेय, तलावपाळीला, राम मारुती रोडला, पाय ठेवायला जागा नाही एवढ्या गर्दीत. आयोजकांना म्हटलं होतं, माझं एक गाणं घेऊ? ‘शेवटी वेळ उरला तर.’ दिवाळी पहाटेला शेवटी वेळ उरत नाही, ऊन उरतं. दादा म्हणतो, आता पोरं स्वतःची मराठी गाणी करतात, लोक ऐकतात, काळ बदललाय. बदललाही असेल. मला बदलेपर्यंत थांबायचं नव्हतं, एवढंच.

गेल्या दिवाळीत घरी आले तेव्हा दोन गाण्यांची ढोलकी इथलीच हवी म्हणून वर्तकनगरच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ठेवलं. खालच्या मजल्यावरचा कुकर शिट्टी देतो म्हणून दोन टेक गेले. ढोलकीवाले काका बाबांच्या वयाचे, मराठी सिनेमाच्या चिक्कार रेकॉर्डिंगांत वाजवलेले. काम झाल्यावर पैसे दिले आणि कागद पुढे केला. पूर्ण नाव, वाद्य, सही.

काकांनी हात मागे घेतला. ‘सही कशाला? पैसे तर मिळाले.’

‘नावासाठी, काका. गाण्याबरोबर राहील.’

‘काही भानगड तर नाही ना? जावयाला दाखवतो आधी.’

त्यांनी कागदाचा फोटो काढून जावयाला पाठवला. आम्ही तिघं, मी, काका आणि रेकॉर्डिस्ट, चहा पीत जावयाच्या उत्तराची वाट बघत बसलो. दादाला फोन लावून दिला. दादाने त्यांना तेच सांगितलं जे तो मला सांगतो, फक्त माझ्यापेक्षा कितीतरी गोड आवाजात. मग जावयाचा व्हॉट्सॲपवर होकाराचा अंगठा आला. काकांनी आधार कार्ड काढलं, त्यात बघून नाव लिहिलं. नंतर म्हणाले, ‘मधे मंजिरी वाजलीय ती माझ्या पुतण्याची. त्याचंही लिही.’ पुतण्या खाली स्कूटरवर बसला होता, त्याला वर बोलावलं.

मी लंडनला परतल्यावर काकांचा व्हॉट्सॲप आला. जुन्या सिनेमांची नावं वहीत लिहून तिचे फोटो, पानंच्या पानं. खाली एकच ओळ: ‘यांचा कागद आता भरता येतो का?’ ती सगळी यादी मी दादाकडे पाठवली आहे. इसाम्राचा अर्ज तो बघतोय. फी घेणार नाही म्हणाला, पण काकांनी मामलेदारची मिसळ खिलवायची, तिखट, आणि वहीची मूळ प्रत बरोबर आणायची.