लूप उघडला की फ्रिक्वेन्सी घसरायची: आठ दिवसांचा माझा अनुभव

जुलैचा दुसरा पंधरवडा, हिंगणा एमआयडीसीत पावसाची झड लागलेली. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गुमान चालणारे आमचे २.४ गिगाहर्ट्झचे ट्रान्समीटर बोर्ड आता पॅकेटची सुरुवात नीट पाठवायचे आणि शेपूट हरवायचे.

रचना जुन्या वळणाची. पीएलएल (फ्रिक्वेन्सी सतत तपासून जागेवर धरणारा फीडबॅक लूप) लॉक करायचा, मग चार्ज पंप (दुरुस्तीचा करंट देणारा भाग) बंद करून लूप उघडायचा आणि डेटा थेट व्हीसीओवर (व्होल्टेजनुसार फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरवर) सोडायचा. लूप जोडलेलाच ठेवला तर तो मॉड्युलेशनलाच चूक समजून दुरुस्त करत बसतो. उघडल्यावर मात्र सगळी भिस्त लूप फिल्टरच्या कपॅसिटरवर साठलेल्या व्होल्टेजवर.

पहिले तीन दिवस मी पॉवर अॅम्प्लिफायरच्या मागे घालवले. रेग्युलेटर बदलला, डीकपलिंग वाढवलं. पण अॅम्प्लिफायर सुरू होताना सप्लाय किंवा लोड हलला तर फ्रिक्वेन्सी पायरीसारखी उडते. आमची उतारासारखी घसरत होती, ४०० मायक्रोसेकंदांत ५० किलोहर्ट्झ. पायरी की उतार, हे पहिल्याच दिवशी बघा: डेटा बंद, अॅनालायझर एफएम डिमॉड्युलेशनवर (म्हणजे पडद्यावर वेळेनुसार फ्रिक्वेन्सीची रेष दिसते), ट्रिगर लूप उघडणाऱ्या सिग्नलवर.

उतार म्हणजे गळती. व्हीसीओ ६० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्टचा, कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा. हिशेब केला तर गळती सुमारे २० नॅनोअॅम्पिअर. कपॅसिटरवरचं ट्यूनिंग व्होल्टेज दीड व्होल्ट, म्हणजे कुठेतरी ७० मेगाओमची वाट ग्राउंडकडे जात होती.

हे आधी सांगायला हवं होतं: ट्यूनिंगच्या पिनवर साधा प्रोब लावू नका. १० मेगाओमचा प्रोब दीड व्होल्टला १५० नॅनोअॅम्पिअर खातो. त्या एका मोजमापाने माझा अख्खा दिवस खाल्ला.

संशय चार्ज पंपावर होता, म्हणून आयसी बदलला. काही फरक नाही. वॅरेक्टर (व्हीसीओची फ्रिक्वेन्सी बदलणारा डायोड) बदलला, तेच. मग हेअर ड्रायरने बोर्ड तापवला आणि मी थबकलो. घसरण कमी झाली! सेमीकंडक्टरची गळती तापल्यावर वाढते, दर १० अंशांना साधारण दुप्पट. इथे उलटं. तेवढ्यात आमचा टेक्निशियन बोर्डावर वाकून बघत होता, त्याचा श्वास त्यावर पडला आणि पडद्यावरची रेष आणखी खाली वाकली. "सर, हे तं फुंकरीनं हलून राहिलं!"

ओल. कपॅसिटर उचलला तर खाली सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळसर, चिकट थर. असेंब्ली करून देणाऱ्याला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. "नो-क्लीन फ्लक्स आहे, धुवायची गरज नाही," हे उत्तर त्याने तीनदा दिलं आणि मी तीनदा मान्य केलं. डिजिटल बोर्डाला ते चालेलही. नॅनोअॅम्पिअरवर उभ्या असलेल्या नोडला चालत नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, पुन्हा ताजं अल्कोहोल, मग ८० अंशांवर तासभर ओव्हन. घसरण ३ किलोहर्ट्झवर आली. त्या संध्याकाळी मी जेवायलाही विसरलो, इतका आनंद झाला.

कपॅसिटर सी-झीरो-जी या सिरॅमिक प्रकाराचाच घ्या. एक्स-सेव्हन-आर प्रकारचा साठवलेला चार्ज नीट धरून ठेवत नाही आणि ठोक्यानेही व्होल्टेज निर्माण करतो. पुढच्या लेआउटमध्ये त्या नोडभोवती गार्ड रिंग (गळती अडवणारा तांब्याचा घेर) टाकली आहे. ऑर्डरवर आता "धुऊन, वाळवून" असं लिहून देतो, आणि प्रत्येक लॉटमधल्या एका बोर्डावर स्वतः फुंकर मारून रेष बघतो.