‘पोलीस’च्या गठ्ठ्यातली तीन कात्रणं

गेल्या मंगळवारचं काम अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कात्रणांची मराठी विषयसूची करणं हे माझं काम. कात्रणाला एक मुख्य शब्द द्यायचा. त्याखाली तारीख, गाव, पान. वाचक पुढे त्या शब्दावरूनच शोधतो. माझा शब्द चुकला की बातमी हरवलीच.

मंगळवारी ‘पोलीस’चा गठ्ठा आला. लाठीमार, फौजदारांच्या बदल्या, आणि मध्येच तीन कात्रणं: जुलै 1947 बटाव्हिया (इंडोनेशियातलं आजचं जकार्ता), सप्टेंबर 1948 हैदराबाद, जून 1950 वॉशिंग्टन. तिन्हींवर आधीच्या कुणीतरी ‘पोलीस कारवाई, कायदा व सुव्यवस्था’ असं लिहून ठेवलेलं. आमच्याकडे मथळ्यावरून नोंद उरकायची वाईट सवय आहे.

मी आतला मजकूर वाचला. पोलीस कुठेच नव्हते. जावा-सुमात्रात डच फौजा घुसल्या, ती ‘पोलीस ॲक्शन’. डचांच्या लेखी तो त्यांचाच मुलूख, आणि आपल्याच घरात कुणी युद्ध करत नाही, बंदोबस्त करतं. भारताने तेव्हा हा प्रश्न ऑस्ट्रेलियाबरोबर सुरक्षा परिषदेत नेला होता. पुढे चौदा महिन्यांनी निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणायला आपले रणगाडे सोलापूरहून नळदुर्गच्या रोखाने निघाले, त्या मोहिमेलाही हेच नाव मिळालं. कोरियाच्या युद्धाच्या वेळी तर हा शब्द वार्ताहरानेच पुरवला. 29 जून 1950 च्या पत्रकार परिषदेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन म्हणाले, आपण युद्धात नाही. मग संयुक्त राष्ट्रांची पोलीस ॲक्शन म्हणावं का, असं एकाने विचारलं आणि ते हो म्हणाले. त्या ‘ॲक्शन’मध्ये एकट्या अमेरिकेचे 36 हजारांवर सैनिक गेले.

मथळ्यात जागा नसते म्हणून इंग्रजी उपसंपादक आखूड शब्द शोधतात, हे मला माहीत आहे. पण इथे ती सबब चालत नाही. ‘वॉर’ला तीन अक्षरं लागतात, ‘पोलीस ॲक्शन’ला बारा. एवढी जागा खर्चून हा शब्द छापला जात होता.

दुपारी वाचनकक्षात एक आजोबा आले, उस्मानाबादकडचे, ऐंशीच्या पुढचे. “ताई, ॲक्शननंतरचे पेपर हायेत का?” त्यांचे वडील ॲक्शननंतर चौथ्या दिवशी मारले गेले. “रझाकार नव्हते ते,” एवढंच दोनदा म्हणाले. मी त्यांना गठ्ठा काढून दिला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी आधी जाळलेली गावं त्यात होती, आणि ते अत्याचार खरेच होते. 17 सप्टेंबरचा युद्धविराम होता, 18 ची शरणागती होती. त्यानंतर लष्करी प्रशासक जनरल चौधरींचा कारभार, निजामाचं काय होणार, एवढंच. त्यांच्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत, असा अंदाज भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने दिला होता. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. माझ्या गठ्ठ्यात त्याबद्दल एक ओळ नाही.

साहेबांना मी म्हटलं, मुख्य शब्द ‘लष्करी मोहीम’ करू या. ते म्हणाले, “छापलाय तो ठेवा. आपण इतिहास लिहीत नाही.” मला हे पटत नाही. सूचीतल्या शब्दामुळेच लाठीमार आणि कोरिया एका गठ्ठ्यात आले होते. पण शब्द पुसूनही चालणार नाही, कारण मराठवाड्यात माणसं ‘ॲक्शन’च म्हणतात, आजोबांनीही तेच म्हणून विचारलं होतं. शेवटी तिन्ही कार्डं ‘लष्करी मोहीम’खाली घेतली आणि ‘पोलीस ॲक्शन’खाली ‘लष्करी मोहीम पाहा’ अशी नोंद जोडली. साहेबांची सही अजून व्हायची आहे.

बटाव्हिया आणि वॉशिंग्टनची कार्डं पूर्ण झाली. हैदराबादच्या कार्डावर ‘पासून’मध्ये 13 सप्टेंबर 1948 भरलंय. ‘पर्यंत’मध्ये 17 लिहायला हात धजावत नाही, आणि तो रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. कार्ड तसंच टेबलावर आहे.