दत्तात्रय की दत्तात्रेय?

दत्त अधिक आत्रेय, असं हे नाव फोडायचं. दत्त म्हणजे दिलेला, आत्रेय म्हणजे अत्रीचा मुलगा. कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय, तसा अत्रीचा आत्रेय: पहिला स्वर वाढतो आणि शेवटी 'एय' येतो. देवाने अत्री-अनसूयेला स्वतःलाच देऊन टाकलं, म्हणून दत्त. 'दत्तक'ही त्याच धातूचा.

मग 'दत्तात्रय' आलं कुठून? माझ्या मते भिंतीवरच्या तसबिरीतून. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. इतकं समोर दिसत असताना कानाला 'त्रय'च ऐकू येणार. अर्थही चपखल बसतो, म्हणून चूक खटकत नाही. फक्त 'दत्त' आणि 'त्रय' जोडून पाहा, 'दत्तत्रय' होईल. मधला आकार कुठून आणायचा? आईचीही तीच गत. असूया नसलेली ती अनसूया, पण पत्रिकेवर हमखास 'अनुसया'. घाईत लिहिणारे तर 'त्र' आधीच उरकून 'दत्रात्रय' करतात.

हाक मारताना कुणाला एवढं सगळं परवडत नाही. पाळण्यातला दत्तू पुढे दत्ता होतो, मान वाढला की दत्तोपंत. इतिहाससंशोधक पोतदार 'दत्तो वामन', कसोटीपटू फडकर 'दत्तू'. धारवाडचे कन्नड कवी द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता 'अंबिकातनयदत्त' या नावाने लिहीत, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. अत्रीच्या जागी स्वतःची आई! आणि नाव नसलेला माणूसही अवचित दारात आला की 'दत्त म्हणून उभा' राहतोच.

खरी पंचाईत इंग्रजी स्पेलिंगची. शेवट कुठे 'आर-ए-वाय', कुठे 'आर-ए-वाय-ए', कुठे 'आर-ई-वाय-ए'. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन माणसं. आधार आणि पॅनची जोडणी इथेच अडते. अशा वेळी व्याकरण बाजूला ठेवावं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे आहे ते प्रमाण मानून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यावेत, मग ते 'त्रय' का असेना. दाखलाच बदलायचा तर राजपत्रापर्यंत जावं लागतं. आणि हे एकट्या दत्तूवर भागत नाही. मुलांच्या नावात मधे बापाचं नाव असतं, त्यामुळे थोरल्याचे वडील 'त्रय' आणि धाकटीचे 'त्रेय' असं एकाच रेशनकार्डावर निघतं.