सतरा नंबरचा फॉर्म

नोव्हेंबरात एडिनबराला दुपार अशी नसतेच. जेवण आटोपून भांडी विसळेपर्यंत साडेतीन वाजतात आणि चारला दिवेलागण. परवा त्या मधल्या अर्ध्या तासात दाराची घंटी वाजली. आमच्या कंपूतले पोस्टमन दारात उभे. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काहीतरी वाटत फिरल्याशिवाय त्यांना करमत नाही. हातात कागदी पिशवी, पिशवीत चार कुप्या, डॉक्टर खोकल्याचं सँपल देतात तेवढ्या. वर ना नाव ना गाव. ए, बी, सी, डी. "रविवारपर्यंत मार्क," एवढं बोलून ते पावसात निघूनही गेले.

आम्ही सात जण आहोत. वर्गणी काढून व्हिस्कीची बाटली आणायची, तीन-तीन सेंटिलिटर वाटून घ्यायची आणि शंभरपैकी मार्क द्यायचे. बाटल्या बहुतेक इंडिपेंडंट बॉटलरांच्या. हे प्रकरण मराठीत समजावून सांगणं मला बरीच वर्षं जमलं नव्हतं. मग पुण्याहून आतेभाऊ आला. त्याला कपाट दाखवलं. एका बाटलीवर 'कल ईला' हे डिस्टिलरीचं नाव लिहिलेलं आणि शेजारी भलत्याच कंपनीचं नाव. त्यानं ती उलटसुलट केली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "डुप्लिकेट नाही ना रे?"

"नाही रे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलीय," मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं. त्याला तेवढ्यात कळलं.

शाळा तीच, पुस्तकं तीच, फक्त परीक्षा बाहेरून दिलेली. डिस्टिलरीतून निघालेलं पिंप लहानपणीच दुसऱ्याच्या घरी जातं, तिथल्या गोदामात वाढतं आणि त्या घरच्या लेबलानं बाजारात येतं. एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलनी १८९५ मध्ये दुकान घातलं ते किराणा मालाचं. चहा, वाणसामान आणि बरोबरीनं व्हिस्की. स्वतःची पिंपं डिस्टिलरीकडे पाठवायची आणि भरून आणायची, आपल्याकडे घाण्यावर डबा घेऊन जायचे तसं. १९४० च्या फेब्रुवारीत, ऐन युद्धात, त्यांनी ग्लेनलिव्हेटचं एक पिंप असंच भरून ठेवलं आणि ऐंशी वर्षांनी उघडलं. तेवढा धीर मला लोणच्याच्या बरणीबाबतही नाही. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून दुसऱ्यांच्या डिस्टिलरीचा नवा माल भरणं बंद. त्या महिन्यातली आमची बैठक सुतकात असल्यासारखी झाली.

सतरा नंबरवाल्यांचं एक दुखणं असतं. शाळा आपलं नाव लावू देईलच असं नाही. मग लेबलवर नुसतं 'ऑर्कनीतली एक डिस्टिलरी'. आता ऑर्कनी बेटांवर डिस्टिलऱ्या असून असून किती! कुठे कुठे तर पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर व्हिस्की घालतात, दुधाला विरजण लावावं तशी. तेवढ्यानं कायद्याच्या दृष्टीनं ती सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची, राहत नाही, मग कुणाला मूळचं नाव छापता येत नाही. चव तीच राहते, जात जाते. इथे लीथमध्ये १९८३ पासून एक सोसायटी आहे, तिच्या हिरव्या बाटल्यांवर डिस्टिलरीचं नावच नसतं, नंबर असतो. २९ म्हणजे लफ्रॉइग डिस्टिलरी हे इथल्या पोराटोरांना ठाऊक, पण छापायचं नाही.

नाव नाही, नंबर आहे. हे मी ओळखतो. आमच्या कऱ्हाडच्या घरी मार्च-एप्रिलात बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे यायचे. अण्णा मराठीचे शिक्षक. माडीवरच्या खोलीत गठ्ठे, खोलीला कडी, आणि आम्हा पोरांना जिन्याच्या चौथ्या पायरीपलीकडे मज्जाव. शाळेच्या चाचणीच्या पेपरांची मात्र बेरीज माझ्याकडे असे. अण्णांची पद्धत ठरलेली. पहिल्या पाच पेपरांना मार्क पेन्सिलीनं. पाचवा झाला की पुन्हा पहिला उघडायचा. "पहिल्या पोराला आपण आपल्या अपेक्षेनं मारतो," म्हणायचे. पाच पेपरांनंतर हात बसला की मग तांबडी शाई. निबंधाला दहापैकी आठाच्या वर त्यांनी कधी दिले नाहीत. नववा गुण लिहिणाऱ्याचा आणि दहावा सरस्वतीचा, असला काहीतरी हिशेब होता. मी त्यांच्याच वर्गात होतो, माझे कायम साडेसहा.

ते रक्त माझ्यात उतरलंय. कंपूतली इतर मंडळी नव्वद, ब्याण्णव असे मार्क लग्नातल्या अक्षतांसारखे उधळतात. माझा हात एकोणनव्वदवर थांबतो तो थांबतोच.

वासांच्या बाबतीत मात्र मी कंपूतला ढ विद्यार्थी होतो. यांच्या वह्यांत गूसबेरी, मार्झिपॅन, ख्रिसमस केक, हीदर. गूसबेरी मी शब्दकोशात पाहिली तर तिथे आवळा! वर्षभर मी इमानदारीनं प्रत्येक ग्लासात मोरावळा हुंगत होतो. शेवटी कंटाळून मराठीत लिहायला लागलो आणि नाक मोकळं झालं. नव्या पिंपातल्या कोवळ्या व्हिस्कीला पिकून फुटायला आलेल्या केळीचा वास येतो. जुन्या शेरीच्या पिंपातलीला ट्रंकेतल्या शालूचा, डांबरगोळीसकट. आयला बेटावरच्यांना थेट दवाखान्याचा. सायकलवरून पडल्यावर गुडघ्याला लावलेलं टिंक्चर आयोडीन आणि वर कंपाउंडरची फुंकर. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लफ्रॉइग औषध म्हणून विकली जायची असं सांगतात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या मामाच्या परमिटावरही प्रकृतीच्या जतनासाठी असंच कारण होतं, आणि मामा बऱ्यापैकी प्रकृतीची काळजी घ्यायचा.

बोमोर डिस्टिलरीच्या ऐंशीच्या दशकातल्या काही व्हिस्कींना साबण-अत्तराचा वास मारतो म्हणून जगभर नाकं मुरडतात. एकदा अशी बाटली आमच्याकडे आली. बाकीचे सत्तरीत अडकले. मी शहाऐंशी दिले. पहाटे साडेचारचा अंधार, उटणं, पाठीवर कढत पाणी, गल्लीच्या टोकाला कुणीतरी आधीच लावलेली लवंगी माळ. त्याला मी सत्तर कसे देणार?

आणि बंब. परसातला तांब्याचा बंब, मधल्या नळीत करवंट्या आणि ढलप्या. सकाळी जो पहिला उठेल त्यानं पेटवायचा, म्हणून सगळे जागे राहून झोपेचं सोंग घ्यायचे. धूर आधी बाहेर न जाता न्हाणीघरात घुसायचा. डोळे चुरचुरायचे, टॉवेलला वास, डोक्याला वास, वर्गात शेजारच्या पोरालाही तो वास. शनिवारी आई चिंच लावून बंब घासायची आणि ओल्या तांब्याला एक आंबूस, जिभेच्या कडेला झोंबणारा दर्प यायचा. इथे पहिल्यांदा डिस्टिलरी बघायला गेलो तेव्हा तांब्याची ती अजस्र भांडी पाहून मला काही केल्या गंभीर होता येईना. वाटाड्या बाई सांगत होत्या, तांबं गंधकाचा वास ओढून घेतं, त्यात ते झिजतं, काही वर्षांनी पत्रे बदलावे लागतात. मी मात्र नळ कुठे आहे ते शोधत होतो.

पाणी घालावं की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. मी घालणाऱ्यांतला. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर मांडून दाखवलं की पाण्यानं व्हिस्की पातळ केली की ग्वायाकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा एक रेणू, पृष्ठभागाकडे येतो. मला तेवढा आधार पुरला. बाकीचे ड्रॉपर वापरतात, मी पळीनं घालतो. पळी कुठली ते आईला सांगितलेलं नाही.

तर त्या चार कुप्या. शनिवारी सकाळी, जीभ ताजी असताना, बसलो. 'ए'नं निराशा केली. ओलं गोणपाट, कडवट शेवट, धूर उगाच पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलेला. एक्क्याऐंशी. 'बी' आणि 'सी' सज्जन, लक्षात राहू नयेत इतक्या. 'डी' नाकाशी नेली आणि मी ग्लास खाली ठेवून खिडकीशी जाऊन आलो. करवंटीचा धूर, चिंचेनं घासलेलं तांबं, मागून हलकेच खोबरं. सत्त्याऐंशी. शाईनं लिहिलं. मी शाईनंच लिहितो.

रविवारी पोस्टमननी पडदा उघडला. ए आणि डी एकच होत्या. कल ईला, अडीचशे लिटरच्या एकाच पिंपातली, हॉग्सहेडमधली, एकच बाटली. वर्षातून एकदा ते आमची अशी झडती घेतात. सगळ्यांच्या मार्कांत एक-दोनाचा फरक होता. माझा सहाचा. टेबलावर जे हसू फुटलं ते बराच वेळ चाललं.

मला चाचणीच्या पेपरांची ती संध्याकाळ आठवली. बेरीज करता करता मी चोरून निबंध वाचायचो, तसा वाचत असताना लक्षात आलं की दोन पोरांनी 'पावसाळ्यातील एक दिवस' शब्दन्‌शब्द सारखा लिहिलाय, कुठल्याशा गाइडमधून पाठ करून. एकाला अण्णांनी सहा दिले होते आणि दुसऱ्याला आठ. मी नेऊन दाखवलं. आधी ओरडा खाल्ला, "तुला बेरीज सांगितलीय, वाचायला नाही." मग दोन्ही पेपर घेऊन ते बाहेर ओट्यावर बसले. आईनं दोनदा पानावर बोलावलं. आत आले तेव्हा दोन्हींवर आठ होते, एकावर सहाची तांबडी खूण आडवी खोडून बाजूला सही. "चूक माझी होती," एवढंच म्हणाले आणि वरण वाढायला सांगितलं.

मी पोस्टमनना म्हणालो, ए आणि डी, दोन्हींना सत्त्याऐंशी लिहा. ते म्हणाले, नियमात बसत नाही, सरासरी घेऊ. चौऱ्याऐंशी लिहिले.

अण्णा होते तेव्हा दर रविवारी फोन असायचा. "आज काय केलंस?" हा पहिला प्रश्न. या उद्योगातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "पेपर तपासत होतो." त्यांना वाटलं, मी संध्याकाळी कुठेतरी शिकवतो. इतके खूश झाले की मला ते खोडवेना.

"किती होते?"

"चार."

"चारच?" पलीकडे थोडा वेळ शांतता. "चारांत हात बसत नाही रे. पाच तरी मागून घे."