डिस्कार्डचा पॅच तपासताना

फाइलसिस्टिममधील रिकामी जागा डिस्कला कळवणारा कोड पहिल्या वाचनात फारच साधा वाटतो. मोकळे ब्लॉक (जागेचे ठराविक आकाराचे तुकडे) शोधायचे, त्यांचे सलग पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यासाठी खालच्या थराकडे डिस्कार्डची, म्हणजे ‘ही जागा आता लागत नाही’ अशी, विनंती धाडायची, एवढेच त्याचे काम. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये हे सगळे मोजक्या फंक्शनांत आटोपले आहे. तरीही या कोडमध्ये बदल सुचवणारा पॅच समोर आला की मी तो इतर पॅचांपेक्षा सावकाश वाचतो, कारण इथली चूक सहसा क्रॅश होऊन ओरडत नाही. वापरात असलेल्या फाइलचा एखादा तुकडा गुपचूप नाहीसा होतो, आणि ते लक्षात येईपर्यंत कोणत्या बदलाने तो गेला हे शोधणे अवघड झालेले असते.

फाइल पुसली गेली हे एसएसडीला आपोआप कळत नाही, ते सांगावे लागते. साटा डिस्कला ट्रिम, स्कझीला अनमॅप आणि एनव्हीएमईला डीअलोकेट अशा वेगवेगळ्या आज्ञा असल्या तरी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्या सर्वांना डिस्कार्ड हे एकच रूप आहे. माउंट करताना (फाइलसिस्टिम वापरासाठी जोडताना) डिस्कार्डचा पर्याय दिला तर फाइलसिस्टिम हे काम चालता चालता करते. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या २.६.३७ कर्नलपासून फिट्रिम हा आयऑक्टल (कर्नलला थेट काम सांगण्याचा मार्ग) उपलब्ध आहे, आणि एफएसट्रिम ही आज्ञा त्याच्याच आधारे सगळी रिकामी जागा एका दमात कळवते. आरंभ, लांबी आणि किमान पट्टा असे तीन आकडे बाइटमध्ये द्यायचे. परत येताना लांबीच्या जागी किती बाइट ट्रिम झाले ते मिळते.

पॅच वाचताना मी एकच प्रश्न धरून बसतो: हा ब्लॉक रिकामा आहे असे कोण म्हणतो, आणि डिस्कचे उत्तर येईपर्यंत तो रिकामाच राहील याची हमी कोण घेतो?

पहिला अर्धा भाग जर्नलशी, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या वहीशी, जोडलेला आहे. एखादी फाइल पुसली, तिचे ब्लॉक सुटले, पण ते ट्रान्झॅक्शन (बदलांचा गठ्ठा) अजून कमिट, म्हणजे पक्के, झालेले नाही, अशा क्षणी वीज गेली तर पुढच्या माउंटनंतर ती फाइल पूर्ववत दिसली पाहिजे. मधल्या काळात तिच्या ब्लॉकांवर डिस्कार्ड गेलेले असेल तर नाव आणि आकार जागच्या जागी राहतील, मजकूर मात्र गेलेला असेल. म्हणून ईएक्सटी४ असे ब्लॉक कमिट होईपर्यंत आपल्या स्मृतीतील बडी बिटमॅपमध्ये (मोकळ्या ब्लॉकांच्या नकाशात) मोकळे दाखवत नाही, आणि फिट्रिमही तोच बिटमॅप वाचतो. पॅचमध्ये कोणी सोय म्हणून डिस्कवरचा बिटमॅप वाचायला घेतला असेल, तर पुढचे सगळे कितीही नीटनेटके असले तरी तो पॅच तिथेच थांबतो.

दुसरा अर्धा भाग लॉकचा आहे. ब्लॉक गटाचा लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारे कुलूप) हा स्पिनलॉक असतो, तो धरून झोपता येत नाही, आणि डिस्कार्डसाठी तर झोपून वाट पाहावी लागते, त्यामुळे लॉक हातात ठेवून विनंती पाठवणे शक्य नसते. पण लॉक सोडला की दुसरा कोणीतरी तोच ब्लॉक नव्या फाइलसाठी उचलू शकतो, त्यावर लिहू शकतो, आणि मागून पोहोचलेले डिस्कार्ड ते लेखन पुसून टाकू शकते. ईएक्सटी४ ने यावर काढलेला तोडगा मला आवडतो. लॉक असतानाच तो पट्टा बडीमध्ये वापरात असल्याचे नोंदवले जाते, मग लॉक सोडून डिस्कार्ड पाठवले जाते, ते पुरे झाले की लॉक पुन्हा घेऊन पट्टा मोकळा केला जातो. इथे चूक झाल्यावर कोड कोणत्या वाटेने जातो ते विशेष पाहावे: डिस्कार्ड अयशस्वी झाले तरी पट्टा मोकळा झालाच पाहिजे, नाहीतर पुन्हा माउंट करेपर्यंत तेवढी जागा अडकून राहील. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये पूर्वी ट्रिम चालू असताना त्या वाटपगटाचा (डिस्कवरील जागेच्या एका विभागाचा) मुख्य लॉक धरून ठेवला जाई. असा गट १ टीबीपर्यंत मोठा असू शकतो आणि एसएसडी मंद असेल तर त्या गटातली सगळी वाटपे ताटकळत राहत. २०२३ मध्ये तिथेही पट्टे थोडेथोडे घेऊन व्यस्त म्हणून नोंदवायचे आणि लॉक सोडून मग डिस्कार्ड पाठवायचे, अशी पद्धत आली.

या मानाने कमी धोक्याची, पण परीक्षकाची खरी कसोटी पाहणारी गोष्ट म्हणजे ईएक्सटी४ मधली ‘हा गट ट्रिम झाला’ ही खूण. तीच रिकामी जागा पुन:पुन्हा कळवली जाऊ नये म्हणून ही खूण स्मृतीत ठेवतात आणि त्या गटातले ब्लॉक सुटले की काढतात. ४ केबीचे ब्लॉक असतील तर एका गटात ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी जागा येते. आता कोणी १२८ एमबीपासून पुढचे १६ एमबी ट्रिम करायला सांगितले, तर गट क्रमांक १ चा जेमतेम आठवा हिस्सा तपासला जातो. पूर्वी तेवढ्यावरच संपूर्ण गटावर खूण बसत असे, आणि पुढचे १६ एमबी मागितले की काहीही न करता यश कळवले जाई. मोठी डिस्क तुकड्यातुकड्याने ट्रिम करणाऱ्यांचे काम त्यामुळे निम्म्याहून अधिक वायाच जात होते. २०२२ मध्ये खूण पूर्ण तपासलेल्या गटापुरती मर्यादित झाली. पुढच्याच वर्षी लांबलेल्या ट्रिममुळे यंत्र सस्पेंड होत नाही म्हणून मध्येच थांबण्याची सोय करायची ठरली, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात आला: अर्धवट थांबूनही फंक्शन यश कळवणार, मग खूण कोणी लावायची? ती लावण्याचे काम प्रत्यक्ष पट्टे फिरणाऱ्या फंक्शनकडे हलवावे लागले. लवकर बाहेर पडण्याची वाट वाढवणारा पॅच दिसला की त्याच्या खाली यशावर विसंबून काय काय घडते, ते मी तेव्हापासून आवर्जून पाहतो.

सीमांचे गणित थोडक्यात सांगतो. एफएसट्रिम लांबी म्हणून ६४ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा पाठवते, त्यामुळे आरंभ आणि लांबी यांची बाइटमध्येच बेरीज केली की ती उलटून लहान होते. आधी दोन्हींचे ब्लॉक करायचे, मग बेरीज.

फाइलसिस्टिम निर्दोष असली तरी खालचे थर घात करू शकतात. २०१५ मध्ये सर्व्हरवरच्या फाइलींत शून्ये सापडू लागली तेव्हा प्रथम सॅमसंगच्या एसएसडीवर बोट ठेवले गेले. शेवटी दोष लिनक्सच्याच रेड थरात (अनेक डिस्क एकत्र वापरणाऱ्या कोडमध्ये) निघाला: डिस्कार्डचे तुकडे करताना त्यांच्यात एकच अंतर्गत रचना सामाईक राहत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! दुरुस्तीचा पहिला पॅचही सॅमसंगच्याच अभियंत्याकडून आला. २०१९ मध्ये ५.१ कर्नलमध्ये डिव्हाइस मॅपरमधून (खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क रचणाऱ्या थरातून) तुकडे करणारा काही कोड अनावश्यक समजून काढला गेला आणि डिस्कार्ड आपल्या हद्दीबाहेर जाऊ लागले. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे विभागणारी व्यवस्था) किंवा एन्क्रिप्शन वापरणाऱ्या काही जणांचा डेटा त्यात गेला, ५.१.५ मध्ये तो कोड परत आला.

म्हणून पुरावा म्हणून केवळ एफएसट्रिमने छापलेला आकडा दिलेला असेल तर माझे समाधान होत नाही, कारण तो फाइलसिस्टिमने काय मागितले एवढेच सांगतो. लूप डिव्हाइसवर (एखाद्या फाइललाच डिस्क म्हणून वापरून) चाचणी घेतली तर डिस्कार्डमुळे मागच्या फाइलला भोके पडतात आणि डीयू या जागा मोजणाऱ्या आज्ञेने ती प्रत्यक्ष आकसलेली दिसते. एक्सएफएसटेस्ट्स या चाचणीसंचातील जेनेरिक/२६० सीमांचे आकडे तपासते आणि जेनेरिक/२५१ फायलींची ये-जा चालू असताना ट्रिम करते. या दोन्हींचा निकाल मी मागतोच. स्वतः लिहिलेल्या चाचणीत फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून पाहण्याआधी अनमाउंट करून पुन्हा माउंट केले आहे का, हेही पाहतो, कारण तसे न केल्यास मजकूर पेज कॅशमधून (स्मृतीत ठेवलेल्या प्रतीतून) येतो आणि पुसले गेलेले ब्लॉकही शाबूत असल्यासारखे दिसतात.