मार्किंग नाइफ: बाक गेला, आता कानस चावते

अखेर मार्किंग नाइफचं, म्हणजे लाकडावर आखणी करायच्या सुरीचं, पातं सरळ निघालं. २ मिमी ओएचएनएस (तेलात कडक होणारं हत्यारी पोलाद), एकाच बाजूला धारेचा उतार, आणि काचेवर ठेवल्यावर खालून ०.१ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जात नाही. आधीची पाती केळ्यासारखी यायची तेव्हा सगळा संशय तापलेलं पातं बुडवायच्या तेलावर होता. तेल निर्दोष आहे.

मूळ दुखणं पट्टीतल्या ताणाचं. त्यात हॅक्सॉ आणि ग्राइंडर भर घालतात, शिवाय उताराकडची पातळ कड आधी गार होते. म्हणून पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधी, ६५० अंशांवर अर्धा तास, मग भट्टीतच गार. काही पाती इथेच वाकतात, ते बरंच. नरम असतानाच सरळ करून पुन्हा ६५० दाखवायचं.

मग ८०० अंश, १० मिनिटं. चुंबक तापलेल्या पात्याला ७७० च्या आसपासच सोडतो, नुसत्या त्याच्या भरवशावर पातं कच्चं राहतं. सोयाबीन तेल ५५ अंशांवर. नागपूरच्या मे महिन्यात शेडमधलं तेल आपोआप चाळिशी गाठतं, थंडीत मात्र लोखंडाचा तापवलेला तुकडा बुडवावा लागतो. पातं टोकाकडून उभं सोडायचं, हलवायचं ते फक्त वर-खाली.

खरी करामत पुढे. ओएचएनएस गार होत साधारण २०० अंशांपर्यंत उतरेस्तोवर कडक व्हायला लागत नाही. तेवढ्यात बाहेर काढून दोन जाड अॅल्युमिनियम प्लेटांमध्ये वाइसमध्ये आवळायचं, हात लावण्याइतकं गार होईस्तोवर. बाहेर येताच धूर निघाला तर ठीक, पेटलं तर घाई झाली.

आता कानस चावते. म्हणजे पातं वरून नरम. पण तो बहुधा कार्बन उडालेला वरचा थर. ०.१ मिमी घासल्यावर कानस घसरायला लागते. तरी इतवारीत पट्टी घेताना २ ऐवजी २.५ मिमी घ्या. आणि भंगारातल्या स्प्रिंगच्या पाट्याच्या नादी लागू नका, त्याचा ग्रेडच माहीत नसतो.

टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, २०० अंशांवर, एकेक तास दोनदा. ओटीजीचा काटा थापा मारतो. ट्रेमध्ये वाळू आणि वाळूत थर्मोकपल (तापमान मोजायची तार) हवाच.

पुढचा बेत मुठीचा होता, पण लिहितालिहिता सुचलं: उतार टेम्परनंतरच काढला तर? नवा ६० ग्रिट सिरॅमिक बेल्ट, दर फेरीला पाण्यात बुडी. निळा रंग दिसला की धार गेली. एकाच पट्टीतून दोन पाती, एकाला उतार आधी, दुसऱ्याला नंतर. प्लेटा लागतात की नाही तेही कळेल. मूठ थांबेल.